दगडातला अंगठा

मालनला जयपुरात येऊन बत्तीस वर्षं झाली, आणि बत्तीसच्या बत्तीस वर्षं तिने पुढून बंद चपलाच वापरल्या. नवरा विम्याच्या कचेरीत साहेब. शास्त्री नगरातल्या मराठी बायकांकडे हळदीकुंकू असलं की ही बया पाय साडीखाली दडवून बसायची. उजव्या पायाच्या अंगठ्यावर खोल खाच होती, तिची तिला लाज वाटायची. बाप कोळी, त्याला मुलगा नव्हता, म्हणून कोकणातल्या बंदरावर मालन आणि धाकटी बहीण सुलोचना त्याच्याबरोबर जाळी दुरुस्त करत. फाटकं जाळं अंगठ्यात अडकवून ताणायचं आणि सुई चालवायची. दोरीने ती खाच पाडली होती.

मुलगी हर्षाली मुरलीपुऱ्यातल्या मूर्तींच्या कारखान्यात संगणकावर मूर्ती घडवायची. मग मशीन तीच दगडात कोरायचं. आईच्या बंदरावर उभारायच्या पुतळ्यांचं काम तिनेच खटपट करून मिळवलं होतं. त्यातला जाळं विणणारा म्हातारा तिने संगणकाच्या पडद्यावर कौतुकाने आईला दाखवला.

मालन बघतच राहिली. म्हातारा पद्मासनात बसला होता. जन्मभर देव कोरणाऱ्यांचा कारखाना तो, त्यांनी कोळ्यालाही देवासारखं बसवलं होतं. जाळं मांडीवर ओढणीसारखं पडलेलं.

"असं बसून एक गाठ मारून दाखव," मालन म्हणाली.

"आई, मतलब, फाइल पास झाली आहे. सोमवारी मशीनवर दगड लागणार."

हा पुतळा असाच गेला तर गावातली शेंबडी पोरंसुद्धा हसतील आणि आपल्या बापासारखा माणूस पुन्हा कधी दगडात उतरायचा नाही, हे मालनला पुरतं कळलं. तिने सुतळी आणली, तीन दिवस खपून हातभर जाळं विणलं आणि शनिवारी कारखान्यात जाऊन सरळ फरशीवर पाय पसरून बसली. मालक गिरधारीजींनी परोपरीने समजावलं, की देवाच्या कामात असा पाय पुढे येत नाही. हा देव नाही, माझा बाप आहे, असं तिने त्यांना हिंदीत ठणकावलं. मग बंद चपला काढल्या आणि चारचौघांसमोर तो अंगठा जाळ्यात अडकवून पुढे केला.

हर्षाली कॅमेरा घेऊन तिच्याभोवती तासभर फिरली. मालनच्या पायाला मुंग्या आल्या, पण ती हलली नाही. पडद्यावर पाय उमटला तेव्हा हर्षालीने सवयीने ती खाच पुसायला घेतली.

"हात लावू नकोस तिला," मालन म्हणाली.

बंदरावरच्या समितीला दोन्ही चित्रं पाठवली. तासाभरात निरोप आला, नवं हवं. गिरधारीजींनी मग कुरकुर केली नाही.

पुतळा बंदरावर बसला त्या दिवशी गावाहून सुलोचनाचा फोन आला. ती रडत होती.

"तोंड कोनाचं हाय ते नाय सांगता येत," ती म्हणाली, "पन आंगठा बाबाचाच हाय. मी हात लावून बघितला."

आपल्या बापाच्या अंगठ्यावरही तशीच खाच होती, हे मालनला इतक्या वर्षांत आठवलंच नव्हतं. त्या संध्याकाळी ती बाजारात गेली आणि उघड्या बोटांच्या चपला घेऊन आली.