पत्रकात न आलेली गाडी

हे मी मंडळात कुणाला सांगितलेलं नाही. घरी तर नाहीच. आजवर किती पत्रकं लिहिली त्याचा हिशोब नाही—धरणाची, रेशनची, बुवाबाजीची—पण हे एवढं कागदावर उतरवायला मला पाच वर्षं लागली. धीर आलाय म्हणून लिहितोय असं समजू नका. थकलोय, म्हणून लिहितोय.

मी मलकापूरचा. घरचा ऊस, वडील पलटणीतून परत आलेले, म्हणजे पोट भरलेलं आणि आवाज मोठा. कॉलेजसाठी सांगलीत आलो तो तिथलाच झालो. हळदीच्या पेठेमागे मंडळाची एक खोली होती. तिथं सगळंच पिवळं व्हायचं—सतरंजी, चहाचे कप, आमची पत्रकंसुद्धा. मंडळातल्या थोरल्यांनी मला पत्रक लिहायला शिकवलं. एका पत्रकात एकच शत्रू. वाक्य लहान. वाचणाऱ्याला मध्ये थांबून विचार करायला जागा ठेवायची नाही. मी हे फार चांगलं शिकलो. इतकं चांगलं, की पुढे काय झालं ते तुम्ही ऐका.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. आमच्या कानावर आलं, की पूर्वेकडे, माणदेशाच्या अंगाला, एका वाडीत बिरोबाचं देऊळ आहे आणि साप चावलेली माणसं दवाखान्यात न नेता त्या देवळात नेतात. पुजारी कौल लावतो. कौल म्हणजे काय, तर देवाच्या दोन खांद्यांवर दोन पाकळ्या ओल्या करून चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. माणूस तिकडे काळानिळा पडतोय, आणि हे पाकळी पडायची वाट बघत बसतात? माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मी जातो.

पुजाऱ्याचं नाव मायाप्पा. माझ्या मनात जटा, लाल डोळे असलं काहीतरी होतं. बघतो तर साठीचा जाडगेला माणूस, कानापर्यंत भंडारा फासलेला, खडी फोडून परत आलेल्या बायकांना आमदाराच्या भाषणाची नक्कल करून दाखवतोय. बायका तोंडात पदर कोंबून हसतायत. गुडघे गेलेले, तरी ढोल वाजला की गजी नाचायला सगळ्यांच्या पुढे. देवाला आलेला नारळ त्याच्याकडे सांज बघत नसे—ज्याच्या घरची चूल पेटली नाही त्याच्या दारात जायचा, आणि तोही "देवाला खोबरं सोसंना झालंय" असं सांगून, म्हणजे घेणाऱ्याची मान खाली जायला नको. मला त्यानं पहिल्याच भाकरीला चिमटा काढला. "मास्तर, तुमच्या उसाकडचा देव बी गोडच असंल न्हवं? आमचा आपला हुलग्याच्या माडग्यावर हाय."

मी मास्तर नव्हतो. पण खिशाला पेन होतं.

मी त्याला तोंडावर विचारलं, तुमचा खरंच विश्वास आहे का? त्याला त्या प्रश्नाचं नवल वाटलं. "हाय की रं. देव हाय म्हनून तर मी हाय. पर त्याला मोटार चालवता येत न्हाई, त्याला आपून काय करायचं?"

मला हे तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

तातोबा नावाच्या मेंढक्याला घोंगडीत घालून आणलं, देवळाच्या पायरीवर निजवलं. कडबा उचलताना पायाला चावलेलं. सोबत त्याचे चुलते, भाऊ. दवाखान्याचं नाव काढलं तरी ते अंगावर येत होते. दवाखान्यात गेलेलं माणूस परत येत नाही, हे त्यांनी डोळ्यानं बघितलेलं होतं—कारण ते सगळं करून झाल्यावर शेवटी जायचे. आणि लवकर जायचं म्हटलं तरी रस्ता कुठं होता? एसटी कुठं होती? त्याचा राग मला आजही आहे, पण तो राग इथं आणून मी त्याच्याआड लपणार नाही.

मायाप्पानं कौल लावला. मी अगदी जवळ उभा होतो. डावी पाकळी त्यानं चांगली भिजवून अंगठ्यानं दाबली. उजवीला नुसतं पाणी दाखवलं. "देवा, ह्याला तालुक्याला न्यू का?" उजवी पडली. पडणारच. मी बघितलं हे त्यानं बघितलं, आणि मला डोळा मारला.

भावकीचा आवाज बंद. देवानं सांगितल्यावर कोण बोलणार? देवळाच्या वळणावर दुधाची गाडी उभीच होती. रोज उभी राहायची. मायाप्पानं ड्रायव्हरला तसं सांगून ठेवलेलं होतं—मी आल्याबिगर हलायचं न्हाई. आम्ही कॅनांच्या मध्ये बसलो. तातोबाचा पाय मी मांडीवर धरला. मायाप्पा त्याच्या कपाळाला भंडारा लावत होता आणि त्याला झोप लागू नये म्हणून आपल्या सासऱ्याच्या माजलेल्या मेंढ्याची गोष्ट सांगत होता. सासरा बाभळीवर, मेंढा खाली, आणि जावई भाकरी खात बसलेला. डोळ्यांवर झापड आलेला तातोबा हसत होता. दवाखान्याच्या दारात कंपाउंडर म्हणाला, "आला का बिरोबा सुई घ्यायला?" म्हणजे हे नेहमीचं होतं. वर्षानुवर्षं तो माणूस देवाच्या तोंडून लोकांना दवाखान्यात घालत होता.

तातोबा वाचला.

आता ऐका, मी सांगलीला येऊन काय लिहिलं. मी लिहिलं, की सर्पदंश झालेल्या माणसाला देवळाच्या पायरीवर निजवतात. पुजारी इंजेक्शन देत नाही, कौल लावतो. आणि तो कौलही खोटा—एक पाकळी जास्त भिजवायची, दुसरी कमी. आमच्या कार्यकर्त्यानं हे डोळ्यांनी पाहिलं. असल्या भोंदूंच्या हाती आपला जीव देणार का?

यात एक तरी शब्द खोटा आहे का? नाही. फक्त गाडी नाही.

विसरलो असं म्हणता आलं असतं. पण विसरलो नव्हतो. कच्च्या कागदावर गाडी होती. गाडी लिहिली की पत्रक मोडत होतं, शत्रू उरत नव्हता. मी ती ओळ खोडली आणि कागद छापखान्यात दिला. थोरले म्हणाले, आजवरचं हे तुझं उत्तम. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

पत्रकं त्या भागातल्या बाजारात वाटली. महिन्याभरानं मायाप्पा सांगलीत, आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर. हातात घडी घातलेलं पत्रक. चिडलेला नव्हता.

"मास्तर, छापलंय ते खरं हाय. निस्ती गाडी राहिली."

खोलीत चौघे होते. कुणीतरी विचारलं, कसली गाडी?

मायाप्पा माझ्याकडेच बघत बोलला. "पावसाळा तोंडावर आलाय. आता इच्चू-काटं, सापं समदं भाईर येनार. लोकं म्हनत्यात, कौल तू पाडतूस, देव न्हाई. आता माझ्या सांगन्यावर कोन जाईल दवाखान्यात? दुसरं छाप. माझं नाव नगं त्यात. चावलं की दवाखाना, एवढंच लिव."

कसली गाडी, असं पुन्हा विचारलं गेलं. आणि मी म्हणालो, "काही नाही. पत्रक झोंबलंय त्यांना."

तो हसला. त्याच्या मानानं फार बारीक हसला. आणलेली शेंगांची पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि गेला. शेंगा आम्ही खाल्ल्या.

पुढचं मला तातोबानं सांगितलं, दिवाळीच्या आधी, बाजारात. हौसा नावाची वाडीतली सून, सरपण काढताना हाताला चावलं. देवळात आणली. मायाप्पानं कौल लावला, उजवी पडली. तिच्या दिराच्या टोपीत आमचं पत्रक. "आप्पा, आता नगं. छापून आलंय." मायाप्पानं कौल सोडून दिला, आपल्या डोक्याची टोपी काढून दिराच्या पायावर ठेवली. म्हणाला, देव ऱ्हाऊ द्या, मी सांगतुय, गाडी हुबी हाय. ते हौसाला घेऊन तीन कोसांवरच्या एका मांत्रिकाकडे गेले. दुपारपर्यंत ती संपली. गाडी तोवर वळणावर उभी होती. दूध नासलं.

तातोबाला ठाऊक नव्हतं, की पत्रक माझं. पत्रकावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं. तो मला म्हणाला, "तुमी व्हता की गाडीत. माझा पाय तुमीच धरला व्हता. तुमी सांगा लोकांस्नी."

मी म्हणालो, बघतो.

बघितलं नाही. लिहायला बसलो की आधी हौसा यायची, आणि हौसा लिहिली की मी लिहावा लागायचा. त्या वर्षी मी दुसरी सात-आठ पत्रकं लिहिली. चांगली झाली.

या चैत्रात मायाप्पा गेला. तातोबानं कुणाकडून तरी कार्ड लिहवून घेतलंय. आप्पा झोपेत गेले, आदल्या दिवशी नाचले होते, आणि शेवटपर्यंत तुमची याद काढायचे—उसाकडचा मास्तर लय सरळ पोरगा, असं म्हणायचे. कार्ड माझ्या पेटीत आहे. पत्रकाची एक प्रतही आहे, हळदीनं पिवळी पडलेली.

खोडलेली ओळ आता लिहितो. गाडी होती. रोज सकाळी देवळाच्या वळणावर उभी राहायची. मायाप्पा पुजाऱ्यानं ती उभी करून ठेवली होती. तातोबाला तिच्यातून नेलं तेव्हा मी आत बसलो होतो, आणि त्याचा पाय माझ्या मांडीवर होता.