जांघेतली कळ

हर्नियाचं ऑपरेशन करताना डॉक्टरांनी आत एक बारीक जाळी बसवली आणि "आता बिनधास्त कामाला लागा," म्हणून घरी पाठवलं. जखम भरली, टाके निघाले. उजव्या जांघेत एक कळ मात्र मुक्काम ठोकून बसली. शिंक आली की आधी भिंत धरायची. समुद्रपूरच्या एसटीत तर खड्डा यायच्या आधीच मी दात आवळायचो. सोनोग्राफीत सगळं साफ निघालं, तेव्हा घरचेही माझ्याकडे संशयानं बघू लागले. मला त्यांचा भयंकर राग यायचा. कापूस फुटू लागला तशी बायको म्हणाली, "औंदा तुमच्यानं वेचणं झालं नाई, तं पुढच्या साली वावर मक्त्यानं देऊन टाकू." दुसऱ्याला कसायला दिलेल्या वावराच्या बांधा-धुऱ्यावर मी काय म्हणून उभा राहणार होतो?

आमच्याकडे पोट-कंबरेचं काहीही दुखलं की खांद्यावरचा दुपट्टा कंबरेला आवळून बांधतात. मीही बांधला. दुखणं वाढलं की आणखी आवळायचो. एकदा सासरे भेटीला आले, त्यांनी तर गुडघा टेकवून स्वतःच्या हातानं गाठ मारली. सासऱ्यांपुढे जावई ओरडणार कसा!

शेवटी बायकोला घेऊन वर्ध्याला, फक्त जुनाट दुखण्यांवरच इलाज करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी आधी दुपट्टा सोडायला लावला. मग कापसाचा बोळा घेऊन डाव्या जांघेवरून हलकेच फिरवला. काही नाही. उजवीकडे टेकवला मात्र, मी खाटेवरून उडालोच. ज्या कापसाच्या ढिगावर लहानपणी लोळलो, तो मला चटका देऊन गेला होता!

"इथली नस दुखावली आहे. तुम्ही वरून तिलाच आवळत होता," बाई म्हणाल्या.

"केवढी असते ती?"

"दोऱ्याएवढी."

मी थक्क झालो. एवढ्याशा दोऱ्यानं माझी झोप, माझं बसणं, घरातल्यांची तोंडं, सगळं ताब्यात ठेवलं होतं. बाईंनी त्या नसेजवळ बधिर करणारी सुई टोचली आणि थोड्या वेळानं चालून बघायला सांगितलं. मी चाललो. वाकलो. मुद्दाम खोकलो. काहीच झालं नाही. काही न दुखणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या रडू आलं. बायको बघतच राहिली. "खरंच एवढं दुखत होतं का जी?" ती हळूच म्हणाली.

सुईचा असर उतरला. गोळ्या सुरू झाल्या. कळ कमी होईल, पण पुरती जाईलच असं नाही, हे बाईंनी आधीच सांगितलं होतं.

वेचणीत कापूस टाकायची झोळी, म्हणजे ओटी, कंबरेला बांधतात. तिचं ओझं नेमकं जांघेवर येतं. बायकोनं माझी ओटी खांद्यावरून आडवी बांधली. वेचणाऱ्या बाया हसल्या, "भिक्षा मागाले निघाले का भाऊजी?" मी वेचत गेलो. कळ होती, पण पऱ्हाटीच्या बोंडापर्यंत हात पोचत होता. ओळ संपली तशी बायकोनं माझी ओटी ढिगावर रिकामी केली आणि वावरावर नजर फिरवली.

"पुढच्या साली इथं पऱ्हाटीच लावाची, का तूर?" तिनं विचारलं.

मी रिकामी ओटी पुन्हा खांद्यावर घेतली आणि पुढची ओळ धरली.