कृपादान मास्तर आणि राहीबाईचा दानीएल

कृपादान भिंगारदिवे मास्तरांना माती दिली त्या दिवशी पाच गावांची माणसं आमच्या बोरखडीला आली होती. शेवगावचे पाळकसाहेब मास्तरांच्या सेवेबद्दल बराच वेळ बोलले, आणि बोलले ते सगळं खरं होतं. मास्तरांच्या कीर्तनात मी झांजा वाजवायचो. मी सांगतो तेही खरंच आहे.

मिशननं मास्तरांना उपदेशक म्हणून आमच्याकडे धाडलं तेव्हा ते तरणे होते. गळ्यात वीणा, काखेत पुस्तक. आमच्या भागातली काळी भुई उन्हाळ्यात अशी तडकते की भेगेत वासराचा पाय अडकावा. त्या भुईवरून ते गावोगाव हिंडले. अभंगाच्या चालीवर येशूची गाणी म्हणायचे. आवाज असा, की मोट हाकणारा माणूस बैल थांबवून ऐके. गहिनीनाथ पाटील त्यांची थट्टा करायचे, "मास्तर, तुमच्या देवाला आमच्या गावचं ऊन सोसतं का?" मास्तर म्हणायचे, "त्याला सोसतं पाटील, मलाच सोसत नाही."

गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीला अक्षर त्यांनी दिलं. मरणाऱ्याच्या उशाशी ते बसले. एका बाबतीत मात्र ते दगडासारखे होते, ती म्हणजे मरीआई.

गावात पटकी आली की मरीआईचा गाडा काढायची रीत होती. लहानसा लाकडी गाडा, त्यात हिरव्या बांगड्या, लिंबं, निवद. तो वाजतगाजत शिवेपार नेऊन सोडायचा, म्हणजे रोग त्यात बसून पुढच्या गावाला जातो. गाड्यापुढं हलगी वाजवायचं काम आमच्या वस्तीचं. वस्तीनं बाप्तिस्मा घेतल्यावर मास्तरांनी ते बंद केलं. आपलं मरण शेजाऱ्याच्या दारात ढकलायचं हा कसला धर्म, असं ते विचारायचे. हलगी सोडली म्हणून गावानं आमची कामं तोडली. झुंबरबाईच्या नवऱ्याला खळ्यावर असं मारलं, की तो पुन्हा सरळ चालला नाही. तरी आमची ख्रिस्ती मंडळी मागं फिरली नाही. आमचा सगळा ताठा त्या एका नकारावर उभा होता.

जपानची लढाई संपली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पटकी आली. वस्तीवरच्या राहीबाईला नवरा नव्हता. एकुलता एक दानीएल, तोही उलट्यांनी आडवा झाला. मास्तर त्याच्यापाशी बसून राहिले, त्याचं अंग स्वतः पुसलं. शनिवारी गावानं गाडा काढला. राहीबाई भर दिवसा सगळ्यांदेखत गेली आणि पोराचा सदरा गाड्यात ठेवून आली.

रविवारी मास्तरांनी येशूच्या देवळात सगळ्यांपुढं तिचं नाव घेतलं. मंडळीपुढं उभी राहून ती चुकले म्हणेपर्यंत तिला प्रभुभोजनाची भाकर नाही, आणि तिच्या घरी मंडळीची प्रार्थनाही नाही. सोमवारी उजाडताना दानीएल गेला.

ती मास्तरांच्या दारात आली. आम्ही अंगणात जमलो होतो.

"मास्तर, पोराला माती द्यायची हाय. चला."

मास्तरांचे डोळे लाल झाले होते. ते म्हणाले, "राहीबाई, एवढी माणसं आहेत. त्यांच्यासमोर चुकले म्हण. मी असाच निघतो."

"म्हनले असते. पन खोटं हुईल ते. पोर मिळत आसंल तर आज बी मी तो गाडा वडीन."

"मग मला येता येणार नाही."

"सदरा मी ठिवला, मास्तर. तेनं काय केलं? तेला तर सुद बी नव्हती."

मास्तरांनी चौकट धरली. मला वाटलं, आता पाय बाहेर पडेल. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. पुढंच झुंबरबाई उभी होती, नवऱ्याला दंडाला धरून. मास्तर हळू म्हणाले, "नियम आहे." आणि तिथंच उभे राहिले.

मंडळीची माती द्यायची जागा मास्तरांवाचून उघडत नव्हती. पाटलांचा निरोप आला, की ओढ्याकाठी गावाची लहान पोरं पुरतात, तिथं आणा. ज्या गावानं आम्हाला आपल्या विहिरीला शिवू दिलं नाही, त्यानं ती एवढी जागा दिली. राहीबाईनं पोराला गोधडीत गुंडाळून स्वतः उचललं. मी कुदळ घेऊन मागं गेलो. खड्डा झाला, माती लोटली. कोणाचे शब्द म्हणावेत ते कुणालाच कळेना, म्हणून कुणीच काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून मी तिथं बाभळीचे काटे टाकायला गेलो. राहीबाई बसलेली होती. थोड्या वेळानं मास्तर आले. ते उभे राहिले, पुस्तक उघडलं.

"मिटा ते," ती म्हणाली.

"राहीबाई, दानीएलसाठी..."

"तेच्यासाठी काल हुतं. बसायचं तर बसा. तोंड उघडू नका."

मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि मातीत बसले. ऊन वर आलं. राहीबाई उठली, काटे हातानं दाबून पक्के केले आणि वस्तीकडे निघून गेली. मी तिच्यामागं निघालो. वळून पाहिलं तर मास्तर तसेच बसलेले होते, तोंड मिटून.