आप्पांनी हातानं कमी केलेली वाफ

आज मी जो कोणी आहे तो भटू आप्पांमुळे. आमच्या साखर कारखान्यात रस तापवायच्या हीटरवर त्यांनी उभा जन्म काढला. महिन्यापूर्वी त्यांच्या मुलीचा, सुमनताईचा फोन आला, "आप्पा गेले..." पुढचं मला ऐकूच आलं नाही.

मी घरातला पहिला पदवीधर. लोणखेड्याला बी.एस्सी. करून शिकाऊ म्हणून लागलो, आणि पहिलं काम मिळालं ते आप्पांच्या हीटरवर तापमानाचा नवा सेन्सर बसवायचं. रसाच्या पाइपात एक बंद तळाची नळी शिरलेली असते, तिच्यात तो उतरवायचा. मीटरच्या आकड्यावर वाफेचा व्हॉल्व्ह आपोआप उघडू-मिटू लागला. दुसऱ्याच दिवशी आप्पांनी हातानं वाफ कमी केली. इंजिनिअर साहेब भडकले. "आप्पा, मीटर अठ्ठ्याण्णव दाखवतोय. एकशे दोन पाहिजे!"

"साहेब, मीटर खोटा बोलस. रस जळस. रंग देखा ना."

"मीटरवर विश्वास नसेल तर गव्हाणीवर जा, ऊस ढकला."

जाताना आप्पा मला म्हणाले, "काय पदवीवाला, तुन्हा मीटर मन्ही जागा खाई गया ना भो!" हसले खरे, पण जेवणाचा डबा तिथंच विसरून गेले.

मी सेन्सर बाहेर काढला. नळीत तार सोडली, तर ती सेन्सरपेक्षा चार बोटं खाली गेली. आखूड सेन्सर मीच बसवला होता. त्याचं टोक तळाला न टेकता हवेत लोंबत होतं, म्हणून आकडा कमी. बोललो तर माझी नोकरी जाणार, गप्प बसलो तर आप्पा गव्हाणीवरच... तार आणि सेन्सर साहेबांच्या टेबलावर ठेवले. "चूक माझी आहे, सर. आप्पा बरोबर होते."

साहेबांनी दोन्ही शेजारी धरून पाहिलं. "आप्पांना घेऊन ये. आणि लांब सेन्सर तूच बसव."

आप्पा आले तेव्हा अख्ख्या शिफ्टनं पाइपांवर लोखंडी पाने वाजवले! त्यांनी पाइपाला कान दिला. "एकशे सहावर शे." मी लांब सेन्सर उतरवला. मीटर चढत गेला आणि थांबला तो एकशे सहावर.

गेल्या हंगामात मी त्यांना पाठवलेलं पत्र सुमनताईनं आप्पांना दोनदा वाचून दाखवलं होतं. ते असं :

"तीर्थरूप आप्पांस शिरसाष्टांग नमस्कार.

उपकरण विभाग आता माझ्याकडे आला. सही केलेला पहिला कागद हीटरपाशी लावला : कामगाराचं आणि मीटरचं पटलं नाही, तर आधी मीटर काढून तपासायचा, तोवर कामगाराला जागेवरून हलवायचं नाही. काल तुमच्या जागेवरच्या रमेशनं मीटर काढायला लावला. रमेशच बरोबर निघाला, आप्पा. साहेबांनी सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

आपला,
सुनील"