गिटारीमागे तंबोरा

धारवाडात गिटार वाजवणं हा गुन्हा नाही. गिटारीवर यमन न वाजवणं हा मात्र गुन्हा आहे, आणि तो मी गेली कित्येक वर्षं राजरोस करतेय.

आमचे अप्पा गाणं शिकवतात. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा वर्ग. सतरंजी, पेटी आणि सकाळ-संध्याकाळ शिष्य. मी एकुलती एक मुलगी, आणि माझ्या गळ्यात काही नाही हे त्यांना मी परकरात असतानाच कळलं. पुढं मी नायलॉनच्या तारांची गिटार घरी आणली तेव्हा ते जरा खुलले.

"चालेल की! मांडीवर आडवी घे, तारेवर सळई फिरव. झकास मींड निघते. यमनापासून सुरू करू."

"अप्पा, मला ती छातीशी धरून वाजवायचीय. बोटांनी. तिचं स्वतःचं गाणं आहे."

"तिचं कसलं गाणं? लाकडाला गाणं असतं होय गं?"

असतं! दोन-दोनशे वर्षांचं असतं. नवशिक्यांसाठी लिहिलेले एकेका पानाचे तुकडे आहेत, दिसायला पोरखेळ, पण त्यातला एखादा असा की जन्मभर वाजवला तरी मनासारखा होत नाही. ल्यूट नावाच्या जुन्या वाद्यासाठी रचलेल्या नाचांच्या मालिका आहेत, त्या गिटारीवर घेतल्या की एकटं वाद्य दोघांसारखं बोलतं, एक विचारतो, दुसरा उत्तर देतो. ट्रेमोलोचे तुकडे आहेत. तार छेडली की सूर लगेच विझायला लागतो, गळ्यासारखा तो धरून ठेवता येत नाही. म्हणून अंगठा खाली संथ चालतो आणि वर तीन बोटं एकाच सुरावर अशी भराभर पडतात की ऐकणाऱ्याला तो तुटलेला कळतच नाही. हे मी अप्पांना कितीदा ऐकवलं. पालथ्या घड्यावर पाणी. "बोटांना व्यायाम चांगलाय," एवढंच म्हणायचे.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे अक्का. अप्पांची थोरली बहीण, माझी आत्या, पण घरीदारी तिला सगळे अक्काच म्हणतात. अप्पा गायला बसले की मागं तंबोरा अक्काचा. शिष्य गायले तरी अक्काचाच. मैफल हुबळीत असो नाहीतर बेळगावात, अक्का मागं बसलेली आणि तिची नजर अप्पांच्या पाठीवर. तंबोरा कधी छेडायचा आणि कधी थांबवायचा ते अप्पांचा हात सांगायचा. अक्काला गाता येतं का, असं कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

माझ्याकडं शिकायला मुलं येऊ लागली तेव्हा मला जागा हवी होती. पुढची खोली दुपारभर रिकामीच असते, म्हणून मी ती मागितली. अप्पा म्हणाले, "गुरुपौर्णिमेच्या बैठकीत वाजव. आपल्यात बसलं तर खोली तुझी. नाही बसलं तर या घरात ते शिकवायचं नाही." अप्पांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

मी दक्षिण अमेरिकेतला एक तुकडा निवडला. त्याच्या मधल्या भागात सा बदलतो. आधीचं घर सोडून तो सरळ दुसरीकडं बिऱ्हाड करतो, आणि बऱ्याच वेळानं परत येतो. सोपं काहीतरी वाजवून खोली पदरात पाडून घेता आली असती. पण मुलांना पुढं मी हेच शिकवणार होते ना? मग लपवायचं कशाला?

बैठकीला खोली गच्च भरली. माझी पाळी आली आणि पहिली कुजबुज खुर्चीवरून झाली. ही गिटार मांडी घालून वाजत नाही, खुर्ची लागते, डाव्या पायाखाली पाट लागतो. सगळे गुरुजन सतरंजीवर आणि ही बया वर! मी बसले. तार जुळवली. तेवढ्यात पाठीमागं तंबोरा सुरू झाला.

अप्पांनीच खूण केली होती. वाईट हेतूनं नाही, उलट मायेनं. सकाळी माझ्या नकळत गिटारीच्या तारेला तार लावून त्यांनी स्वतः तो जुळवला होता. पहिला भाग निभला, दोन-तीन वेळा "वा" पण आली. मग सा बदलला. तंबोरा जागचा हलेना. माझे सूर एकीकडं, त्याचे एकीकडं, आणि धारवाडचे कान ते! सगळ्यांची तोंडं कडू झाली, आणि सगळे बघत होते माझ्याकडं.

"सा सुटला तुझा," अप्पा म्हणाले.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी हात थांबवला. "सुटला नाही अप्पा, बदललाय. तो तसाच लिहिलाय."

"सा बदलत नसतो."

"यात बदलतो!" मी मागं वळले. "अक्का, तंबोरा खाली ठेव."

अप्पांना राग आला की ते कन्नडवर येतात. "अक्का, बारसु!" म्हणजे वाजवत राहा.

अक्कानं त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. बोटं अजून तारांवर चालत होती. मग ती थांबली, तंबोरा सतरंजीवर आडवा केला आणि हळूच म्हणाली, "साकु." पुरे.

मी पहिल्यापासून वाजवलं, शेवटपर्यंत. सा गेला आणि परतही आला, कुणाच्या आधाराशिवाय. दोघा-चौघांनी मान डोलावली. बाकीच्यांना आवडलं की नाही, देव जाणे. मला त्याची फिकीर नव्हती, खरं सांगते. लोक उठल्यावर अप्पा म्हणाले, "खोली मिळायची नाही." मी म्हटलं, "नको." आता विद्यानगरात एका गच्चीवरच्या खोलीत शिकवते. उन्हाळ्यात आम्ही भाजून निघतो, पण पोरं येतात.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मी अक्काला म्हटलं, "माझ्यामुळं तुला बोलणी खावी लागणार."

ती उजव्या हाताची बोटं चोळत होती. "अगं, हात कधीचा दुखतोय. पण खाली ठेव असं मला आजवर कुणी म्हणालंच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी रियाजाला बसल्या बसल्या हाक मारली, "अक्का, तंबोरा!"

अक्का मागच्या पायरीवर चहा पीत बसली होती. ती उठली नाही. "मोबाइलात मिळतो म्हणे," ती तिथूनच ओरडली. "तो लाव!" आणि कप माझ्यापुढं धरून म्हणाली, "अजून घोटभर ओत गं."