बिननावाची पार्सलं

आलिपूरच्या कोर्टात चारुदत्त टिपणीसला सगळे मेजरबाबू म्हणत. खरं तर फौजेतून तो कॅप्टन म्हणून बाहेर पडला होता. पण कलकत्त्याच्या कारकुनांना कॅप्टन म्हटलं की फुटबॉलच आठवतो, म्हणून त्यांनी आपल्या अखत्यारीत त्याला बढती देऊन टाकली. चारुदत्तने ती कधी नाकारली नाही. मोठं खोटं सांभाळणाऱ्याला असल्या बारीक खोट्याशी भांडायला सवड कुठून असणार?

टिपणिसांचं घर दोन पिढ्यांपासून भवानीपूरचं. वडील तिथल्याच शाळेत गणित शिकवायचे. चारुदत्त घरात मराठी आणि गल्लीत बंगाली बोलत वाढला आणि फौजेत गेला. बासष्टच्या लढाईत, ईशान्येच्या डोंगरांत, बर्फाने त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं नेली आणि त्याबरोबर नोकरीही. मग बत्तिसाव्या वर्षी मिसरूड फुटलेल्या पोरांच्या शेजारी बसून त्याने कायदा केला, काळा कोट चढवला आणि बघता बघता नाव कमावलं. नव्या अशिलाला तो पहिल्याच दिवशी बजावायचा, "डॉक्टरपासून आणि माझ्यापासून काही लपवायचं नाही." त्याला स्वतःला कुणी लढाईचं विचारलं, तर "थंडी फार होती" एवढंच सांगून तो चहा मागवायचा.

एकोणीसशे सत्तरच्या फेब्रुवारीत एक बाई त्याच्या ऑफिसात आली. शहराच्या भिंती तेव्हा नक्षलवाद्यांच्या लाल अक्षरांनी भरत चालल्या होत्या आणि लोक कामं उरकून दिवसाउजेडी घरी परतायचे, म्हणून तीही भर दुपारची आली. वय चौतीस-पस्तीस, कपाळाला ठसठशीत कुंकू, खांद्याला कापडी पिशवी. शहरातल्या मराठी मंडळाच्या चिटणिसांनी तिला पाठवलं होतं.

"मी कालिंदी मोघे," ती म्हणाली. "बेहालाला राहते. मुलींच्या शाळेत शिवण शिकवते."

चारुदत्तच्या हातातलं पेन तिथेच थांबलं. पत्ता तिने सांगायची गरजच नव्हती. तो त्याला तोंडपाठ होता. सात वर्षांत सात वेळा त्याने तो लिहिला होता.

तिचा नवरा श्रीधर मोघे फौजेतला नव्हता. डोंगरातल्या रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर होता. माघार घेताना धुक्यात चुकला, बेपत्ता झाला, असं खात्याचं पत्र आलं होतं. आता बँकेतले एक अधिकारी, मुकुंदराव, तिला मागणी घालत होते. विधुर होते, माणूस चांगला होता, आणि एप्रिलअखेर त्यांची नागपूरला बदली होणार होती.

"मी होकार दिलाय," ती खाली बघत म्हणाली. "पण कोर्टाने हे गेले असं म्हटल्याशिवाय नाही."

कायद्यात त्याची सोय होती. ज्यांना माणसाची खबर लागायला हवी, त्यांना सात वर्षांत काहीच खबर नसेल, तर तो गेला असं धरता येतं. नोव्हेंबरात सात वर्षं पुरी झाली होती. हा खटला आपण घ्यायचा नाही, हे चारुदत्तला पहिल्या मिनिटाला कळलं होतं. तरी त्याने घेतला. बाई सुटेल आणि तिच्या मागून आपणही हळूच सुटू, असा चोरटा हिशोब त्यात होता. याबद्दल त्याने स्वतःला पुढे कधीही माफ केलं नाही, आणि करूही नये.

दहा दिवसांनी ती सही करायला आली. चारुदत्तने दावा मराठीतून वाचून दाखवला. "सात वर्षांत वादीस पतीची कोणत्याही मार्गाने काही खबर नाही," या वाक्याशी तिने हात वर केला.

"हे खरं नाही, वकीलसाहेब."

तिने पिशवीतून एक गठ्ठा काढला. धुऊन, इस्त्री करून ठेवलेले मांजरपाटाचे सात तुकडे. प्रत्येकावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत तिचा पत्ता, आणि पाठवणाऱ्याचं नाव नाही.

"दर संक्रांतीला तिळगुळाचं पार्सल येतं. जायफळ घातलेल्या वड्या. या मुलखात मला असं कोण पाठवणार? यांना स्मृतिभ्रंश झाला असेल, काही झालं असेल, पण सण आठवत असेल."

वड्या चारुदत्तच्या बायकोच्या, सुहासिनीच्या हातच्या होत्या; कोर्टातल्या एका सहकाऱ्यासाठी म्हणून तो दरवर्षी डबाभर मागून न्यायचा. डोंगर उतरताना श्रीधर सारखा म्हणायचा, संक्रांतीला मी घरी असणार. त्याला घरी पोचवता आलं नाही, निदान संक्रांत तरी पोचवू, असं चारुदत्तच्या मनाने घेतलं होतं.

"याला खबर म्हणत नाहीत," तो वकिली आवाजात म्हणाला. "नाव नाही, चिठ्ठी नाही. हे कोर्टात काढूच नका."

"शपथेवर कसं म्हणू, काही आलं नाही म्हणून? आलंय ना." तिने एक तुकडा उलगडला. "हा शिक्का बजबजचा. मी गेले होते तिथे. दोन दिवस तागाच्या गिरण्यांच्या फाटकांशी उभी राहिले, सुटणारा एकेक माणूस बघत. हा बराकपूरचा. तिथे तर छावणीच्या दवाखान्यातही विचारलं. दरवेळी गाव वेगळं. मला वाटायचं, बिचारे कुठे स्थिर होत नाहीत."

आपण पकडले जाऊ नये म्हणून चारुदत्त दरवर्षी पोस्ट ऑफिस बदलायचा. आपल्या भित्रेपणाच्या मागे ही बाई गावोगाव पायपीट करत हिंडली, हे ऐकून त्याला तोंड लपवावंसं वाटलं.

कालिंदीने तुकडे पुन्हा घडी घालून गोळा केले. "माझंच चुकलं. मुकुंदरावांना नाही म्हणून कळवते. यांची वाट बघायची सवय आहे मला."

ती उठली. आता नुसतं गप्प राहिलं की संपलं होतं. बाई बेहालाला परत जाईल, मुकुंदराव नागपूरला जातील आणि चारुदत्त पुढच्या संक्रांतीला आणखी कुठलं तरी पोस्ट ऑफिस शोधील. सात वर्षं तो गप्पच राहिला होता. त्यात तो चांगला तयार झाला होता.

"बसा, ताई," तो म्हणाला.

त्याने दाव्याचा कागद उलटा केला, पेन डाव्या हातात घेतलं आणि मोठ्या अक्षरांत तिचा पत्ता लिहिला. मग कागद तिच्यापुढे सरकवला. तिने तो कापडाशेजारी धरला. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं.

"यांना ओळखत होता तुम्ही?"

"तीन दिवस बरोबर चाललो आम्ही. तिसऱ्या संध्याकाळी त्यांचा घोटा मोडला. मी म्हटलं, पुढची वाट बघून येतो. अर्ध्या तासावर गुराख्याची झोपडी लागली. आत शेकोटी होती, दोन जवान होते. मी टेकलो. आता उठतो, मग उठतो म्हणत तिथेच झोपलो." तो थांबला. "सकाळी परत गेलो. ठेवलं होतं तिथे ते नव्हते. पुढे सापडले. गेलेले होते."

"पुढे म्हणजे?"

इथे एक मवाळ खोटं सहज सांगता आलं असतं. वकिलाला ते जड नव्हतं.

"सरपटत आले होते. चाळीस पावलं. मी मोजली."

"कुठल्या बाजूला?"

"मी गेलो त्या बाजूला."

रस्त्यावरून ट्रॅम घंटा वाजवत गेली.

"दुसरा वकील देतो," चारुदत्त म्हणाला. "साक्षीदाराला वकीलपत्र ठेवता येत नाही. खात्यालाही जे कधी कळवलं नाही, ते सगळं मी पिंजऱ्यात उभा राहून सांगतो."

"सगळं सांगा," कालिंदी म्हणाली. "चाळीस म्हणजे चाळीस सांगा. माझ्यासाठी कमी करू नका."

साक्ष मार्चअखेर झाली. ज्या कोर्टात तो रुबाबात उलटतपासणी घ्यायचा, तिथेच पिंजऱ्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. मागे बसलेले ज्युनियर वकील आधी कौतुकाने आणि मग खाली बघत ऐकत होते. न्यायाधीशांनी टिपून घेताना 'सुमारे चाळीस पावले' म्हटलं. "सुमारे नाही, साहेब," चारुदत्त म्हणाला, "चाळीस." त्या दिवसापासून कारकुनांनी त्याला मेजरबाबू म्हणणं सोडलं. त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला त्याच्याकडे दुसरं पुष्कळ होतं.

एप्रिलात निकाल लागला. दुसऱ्या दिवशी कालिंदी ऑफिसात आली. कपाळ मोकळं होतं. महिन्याभरात ते मुकुंदरावांच्या नावाने भरणार होतं, पण मधले दिवस तिने श्रीधरला दिले होते. तिने टेबलावर एक लहानसा पत्र्याचा डबा ठेवला. चारुदत्तने झाकण काढलं. आत दगडासारख्या झालेल्या सात वड्या होत्या.

"दर पार्सलातली एक यांच्यासाठी ठेवायची," ती म्हणाली. "आले की देईन म्हणून. आता तुम्ही ठेवा. पोचवायचं तुमच्याकडे होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर चारुदत्तला सोसायला सोपं गेलं असतं. ती नमस्कार करून जिना उतरली, आणि पुन्हा त्यांची भेट झाली नाही.

डबा कायद्याच्या पुस्तकांशेजारी राहिला. पुढच्या संक्रांतीला सुहासिनीने सहकाऱ्याचा डबा भरू का म्हणून विचारलं, तेव्हा त्याने तिला समोर बसवून सगळं सांगितलं. नवे अशील अजूनही कधी विचारतात, "या डब्यात काय आहे, टिपणीसबाबू?" तो चहा मागवत नाही. पेन खाली ठेवतो आणि मोडलेल्या घोट्यापासून सुरुवात करून चाळिसाव्या पावलापर्यंत सांगतो.