ऑप्शनला टाकलेला धडा

माझ्या साडूंच्या समोर बसून आजवर कोणीही गरम चहा प्यायलेला नाही. आपण कपाला हात लावतो न लावतो तोच ते विचारतात, "हे गरमी आली कुठून?" "गॅसवरून" असं म्हणून सुटायला जावं, तर गॅस जमिनीच्या पोटातून, तिथे तो कैक युगांपूर्वी मेलेल्या जीवांपासून, ते जीव उन्हावर पोसलेले आणि ऊन सूर्याचं, असा उलटा प्रवास सुरू होतो. सूर्य येईपर्यंत चहावर साय धरते. मग ते त्या सायीकडे बोट दाखवतात. "पाहा सर, तुमी बोलत बसले अन् गरमी गेली. पण मेली नाई बरं ते. ह्याच खोलीत हाये, हवेत, तुमच्या आंगाले लागून राहिली. ऊर्जा मरत नसते, घर बदलते." बोलत कोण बसलं होतं, हे विचारायची सोय नाही. ते थोरले जावई आणि मी धाकटा. शिवाय मी कॉलेजात वाणिज्य शिकवतो, त्यामुळे विज्ञानाच्या बाबतीत आमच्या घरात माझं मत कोणी धरत नाही.

अमरावतीला आमच्याकडे आले आणि पंखा लावला, की वर बघून ते "कोळसा फिरून राहिला" म्हणतात. जिना चढून धापा टाकणाऱ्या माणसाला "तुमी आता उंचीची ऊर्जा जमा केली, गॅलरीतून पडले त सारी वापस भेटन" असं सांगतात, आणि ही त्यांच्या लेखी विचारपूस असते. सासुरवाडी शेंदूरजनाघाटची, घरची संत्र्याची बाग. तिथलं संत्रं सोलून हातावर ठेवलं तर ते फोड उजेडात धरतात आणि म्हणतात, "ऊन बांधून ठेवलं हो एवढुशात." एवढं मात्र मलाही आवडतं. अडचण अशी, की त्यानंतर ते ती फोड खात नाहीत आणि आपल्यालाही खाऊ देत नाहीत.

साडूंची अकोल्याच्या भाजीबाजारात अडत आहे. सकाळी शेतकऱ्यांचा माल उतरला की ओट्यावर उभं राहून ते हर्राशीची, म्हणजे लिलावाची, बोली पुकारतात. त्या रोजच्या बोलीने आवाज असा कमावलाय, की ते कानात काही सांगू लागले तरी तिसऱ्या दुकानापर्यंत कळतं. अशा माणसाला अणूशी काय करायचंय, असं कोणालाही वाटेल. तर त्याचं मूळ बारावीत आहे. तेव्हा साडूंनी भौतिकशास्त्राचा अणुकेंद्रकाचा धडा ऑप्शनला टाकला होता, आणि पेपर काढणाऱ्याने नेमका तोच धडा उलटासुलटा करून विचारला. साडू नापास झाले आणि वडिलांच्या अडतीवर बसले. दुसरा कोणी असता तर त्या धड्याचं नाव काढलं नसतं. साडूंनी तो धडा जो उघडला तो अजून मिटलेला नाही. बाकीच्या भौतिकशास्त्राशी त्यांचा काही संबंध नाही. भिंगाबिंगाचं विचारलं तर ते सरळ सांगतात, "ते माह्या धड्यात नाई."

हा धडा त्यांनी कुठे कुठे शिकवला नाही? पण नांदगाव खंडेश्वरच्या एका लग्नात शिकवला तो आम्हाला महागात पडला. पंगत बसलेली, पानात बुंदीचे लाडू पडलेले. साडूंनी आपला लाडू उचलून वर धरला. "हा युरेनियमचा गाभा. दिसाले मोठा, पण आतून कच्चा, पाक कमी पडला त्याचा. आता ह्याच्यावर बाहेरून एक बुंदी येऊन बसली." त्यांनी बुंदी मारली, लाडू फुटेना, तेव्हा अंगठ्याने मदत केली. लाडवाचे दोन तुकडे झाले आणि दोन-तीन बुंद्या सुट्या उडाल्या. "हे झालं विखंडन. आता ह्या सुट्या बुंद्या चूप बसतीन काय? त्या बाजूच्या लाडवावर जातीन." आणि त्या गेल्या. शेजाऱ्याचा लाडू फुटला, त्याच्या शेजाऱ्याचा फुटला, साडू पंगतीत पुढे पुढे सरकत राहिले. "अन् मजा पाहा. दोन्ही तुकडे, सुट्या बुंद्या, सारं काट्यावर ठेवलं त वजन जराकसं कमी भरते. घट येते. आपल्या बाजारात घट आली की भांडण होते, अणूत घट आली की वीज होते." घट आल्यावर भांडण होतं हे लगेच सिद्धही झालं, कारण साडूंचा अंगठा नवऱ्या मुलाच्या काकांच्या पानापर्यंत पोचला होता. साडूंना हाताला धरून उठवण्यात आलं. पुढचा भाग, म्हणजे भट्टीत सुट्या बुंद्या गिळणारे दांडे घालून हा फुटण्याचा खेळ आवरतात कसा, तो सांगायचा राहूनच गेला. समोरच्या पंगतीत आमच्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं ते एवढं अर्धंच.

पुढे सासूबाई आजारी पडल्या. सासरे गेल्यापासून एकट्या बाग सांभाळणारी ही बाई बघता बघता वाळली, हात थरथरू लागले, बसल्या जागी छाती धडधडायची. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करतेय, असं निदान झालं. गोळ्या अंगी लागेनात, आणि हृदय किती दिवस हा ताण सोसेल सांगता येत नाही, असं नागपूरचे डॉक्टर म्हणाले. उपाय एकच सुचवला, किरणोत्सारी आयोडीनची एक कॅप्सूल. भला माणूस होता, सगळं समजावून सांगत होता, आणि त्या भरात हे आयोडीन अणुभट्टीत तयार होतं, हेही सांगून बसला.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "मले नाई फोडून घ्यायचं. एक फुटला की दोन फुटतात, दोनाचे चार. मी पाह्यलं हाये नांदगावले. माह्यासंगं तुमी सारे जासान." माझ्या बायकोने समजावलं, मेव्हणीने फोनवर रडून पाहिलं, मी तर वाणिज्यवालाच. सासूबाई हलेनात. दिवस जात होते आणि त्यांच्या पायावर सूज दिसू लागली होती. शेवटी मी साडूंना फोन करून एवढंच म्हटलं, "भाऊ, तुमचे लाडू अजून फुटून राहिले. या आता."

ते मिळेल त्या एसटीने अमरावतीला आले; सासूबाई आमच्याकडेच होत्या. बायकोने चहा दिला तो त्यांनी मुकाट्याने, वाफ निघत असताना पिऊन टाकला. तेव्हा मात्र मला भीती वाटली. मग ते सासूबाईंसमोर जमिनीवर बसले. "आई, तो लाडू वेगळा अन् हे औषध वेगळं. हे कोणाले फोडत नाई. चुलीतून निखारा काढून एकटा ठेवला त काय होते?"

"निवते," सासूबाई म्हणाल्या.

"हेबी तसंच निवते, आपल्या आपण. आठ दिवसांत अर्धं, आणखी आठात त्याच्या अर्धं. निवता निवता जवळचं तेवढं जाळते. अन् आयोडीन आपली गळ्याची गाठच ओढून घेते, बाकी आंग घेत नाई फारसं. जे जास्तीचं काम करून राहिलं, तेवढंच जळन."

सासूबाई हळूच बोलल्या, "अन् मंग खोलीत एकटंच ठेवतात म्हणे. कोणी जवळ येत नाई. मी नाई राहत एकटी." सासरे गेल्यापासून शेजारची एक पुतणी रोज त्यांच्याजवळ निजायला येते, हे आम्हाला ठाऊक होतं. ते का, हे कोणी विचारलं नव्हतं.

"मी दाराबाहेर बसतो," साडू म्हणाले.

"बसून काय करान?"

"बोलीन."

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "बोलान त खरे," त्या म्हणाल्या, आणि नागपूरला जायला तयार झाल्या.

कॅप्सूल घेऊन आल्यावर आमची मागची खोली त्यांना दिली. न्हाणी वेगळी, ताटवाटी वेगळी. डॉक्टरांना विचारून बंद दारापासून लांब, अंगणात खुर्ची टाकली, आणि साडू सुरू झाले. अकोल्याची अडत मुलावर सोडून आलेला हा माणूस सकाळचा चहा झाला की धडा उघडायचा तो दिवेलागणीपर्यंत. कोळसा, पाणी, वारा, अन्न, मग युरेनियम, मग नांदगावला राहून गेलेले ते दांडे. जरा थांबले की आतून ताटावर वाटी वाजायची, म्हणजे पुढे चला. आवाज भाजीबाजाराचा, त्यामुळे आमच्या सगळ्या गल्लीला विखंडन पाठ झालं. समोरच्या बाई सासूबाईंची चौकशी करायला आल्या आणि दांड्यांविषयी दोन शंका विचारून गेल्या.

एका दुपारी धड्यात सूर्य आला. "तिथं फुटत नाई आई, तिथं जुळते. हायड्रोजनचे बारीक गाभे. पण एकमेकाले जवळ येऊ देत नाईत, दोन जावा एका चुलीपाशी असल्यासारखे. मंग इतकी गरमी, इतका दाब, की शेवटी चिकटतातच. चार मिळून एक हेलियम. तिथंबी घट येते, अन् त्या घटीचंच ऊन होते. सूर्य रोज वजनानं कमी होऊन राहिला."

आतून आवाज आला, "माह्यासारखाच." मग थोड्या वेळाने, "त्याच्या दाराशी कोण बसते बाप्पा?"

हे साडूंच्या धड्यात नव्हतं. मी ओट्यावर पेपर तपासत बसलो होतो. साडू डोळे पुसतायत हे मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. वाटी वाजली तेव्हा ते खाकरले आणि पुन्हा कोळशापासून सुरू झाले.

सासूबाई बऱ्या झाल्या. जळालेल्या गाठीचं काम भरून काढायला रोज सकाळी थायरॉइडची एक गोळी घेतात आणि बागेत मजुरांवर ओरडतात. याबद्दल मी त्या डॉक्टरांचा आभारी आहे, कुठल्या तरी अणुभट्टीत काम करणाऱ्या अनोळखी माणसांचा आभारी आहे, आणि सगळ्यांहून कणभर जास्त साडूंचा. त्यांचा घसा मात्र त्या दिवसांत जो बसला तो पुरता उघडलाच नाही. घशाच्या डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलं, हा उपाय त्यांच्याकडून होण्यासारखा नव्हता. हर्राशी आता मुलगा करतो. "माह्या गळ्याचं दुखणं तुमच्या गळ्यात गेलं, जवाईबापू," असं सासूबाई म्हणाल्या तेव्हा ते आवाज न होता हसले होते.

परवा अकोल्याला गेलो तेव्हा ते अडतीवर गादीला टेकून बसले होते. ओट्यावर मुलाची बोली चाललेली, हमालांची ये-जा, आणि साडू मला काहीतरी सांगत होते. कुठेतरी शास्त्रज्ञ जमिनीवर सूर्य पेटवू पाहतायत, ती आग धरेल असं भांडं जगात नाही, म्हणून चुंबकाने अधांतरी धरतात, क्षणभर जमतं आणि निसटतं, असं काहीसं. "आपल्या हयातीत होईन काय, सर?" एवढं ऐकू आलं. बाकी सगळं बाजाराने गिळलं. मला ऐकू येत नाहीये हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते थांबले. आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन थांबले, आणि ते मला मुळीच बघवलं नाही. मी गादीवर सरकून त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलो आणि म्हटलं, "भाऊ, पुन्हा सांगा. पहिल्यापासून."